गप्प असताना तीन

रत्ना आणि मी कॉम्प्युटरकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून उभ्या होतो. दुपारची वेळ होती. चपला दाराबाहेर, कारण तेव्हा कॉम्प्युटर-रूममध्ये देवळात जावं तसं अनवाणी जायचं. एसीच्या गारव्याने फरशी बर्फासारखी झाली होती. मी पन्नाशीची, रत्ना चाळिशीला टेकलेली. दोघी गणित शिकलेल्या. आणि मशीनकडे न बघता ते काय उत्तर देतं, याची आम्ही वाट पाहत होतो.

"झालं का, अक्का?"

"मागे बघू नकोस."

"बघत नाही हो. पण मानेला मुंग्या यायल्यात."

डिस्कची कुरकुर थांबली. आम्ही वळलो. पडद्यावर काहीच नव्हतं, कारण उत्तर फाइलमध्ये लिहायला सांगितलं होतं. फाइल उघडली. आत एकच आकडा होता. तीन.

रत्ना खुर्चीवर बसली. "बघा. आपण बघत नसलो की तीन," ती म्हणाली.

इरा आणि चिन्मय, आजीने ऑफिसात भूत पाहिलं होतं असं तुमचा बाबा सांगतो. ते खरं का, असं तुम्ही फोनवर विचारलंत. फोनवर सांगण्यासारखं ते नाही, म्हणून क्रमाने लिहिते.

नव्वदीच्या मधल्या वर्षांतली गोष्ट. बेंगळुरूच्या उत्तरेला, येलहंक्याच्या वाटेवर आमची संस्था होती. मी तिथल्या कॉम्प्युटर विभागात होते. पगार त्या कामाचा मिळायचा. पण माझं आवडतं काम वेगळं होतं. समीकरणं सोडवणारा एक मोठा प्रोग्रॅम होता, आणि तो कुठल्याच कंपनीचा नव्हता. निरनिराळ्या देशांतली माणसं मिळून तो लिहायची. ज्याला हवा त्याने फुकट घ्यावा, आतला कोड उघडून वाचावा, चूक दिसली तर दुरुस्त करून पाठवावी. अशा दुरुस्तीच्या तुकड्याला पॅच म्हणतात. 'ओपन सोर्स' हा शब्द तेव्हा आमच्या कानावर आला नव्हता. आम्ही 'फ्री सॉफ्टवेअर' म्हणायचो.

यातल्या कुणीही कुणाचं तोंड पाहिलेलं नव्हतं. सगळं बोलणं मेलिंग लिस्टवर चालायचं, म्हणजे एकाने मेल लिहिली की ती सगळ्यांना जायची. मोडेमवरून दिवसातून ठरावीक वेळीच मेल जात-येत असे. कामं वाटलेली होती. तो प्रोग्रॅम साध्या पीसीवर नीट चालतो ना, हे बघणं माझ्याकडे होतं. सगळ्यांचा म्होरक्या यान नावाचा एक गृहस्थ, उत्तरेकडच्या कुठल्याशा थंड देशातला. त्याच्या मेल तारेसारख्या असत. 'चालेल.' 'नाही.' 'परत पाठवा.' यानचा एक नियम होता आणि सगळे तो पाळत. बग, म्हणजे प्रोग्रॅममधली चूक, कळवायची तर सोबत लॉग हवा. प्रोग्रॅमला 'बोलत काम कर' असं सांगता येतं. मग तो प्रत्येक पायरीला काय करतोय ते लिहून काढतो. ते लिहिलेलं म्हणजे लॉग. लॉग नाही, तर बग नाही. नियम चांगला होता. 'काहीतरी बिघडलंय' अशा रडगाण्यांपासून त्याने आम्हाला वाचवलं होतं.

आता रत्ना. तिचे पूर्वज शिवणकाम करणारे, कित्येक पिढ्यांपूर्वी या गावात आलेले. तिची मराठी कन्नडच्या शेजाराने गोल झालेली. जयनगरच्या एका कॉलेजात ती शिकवायची आणि तिथले तास संपले की दोन बस बदलून आमच्या संस्थेत यायची. पीएच.डी. करत होती. तिचे गाइड हेब्बार सर. सरांनी तरुणपणी एक अंदाज मांडला होता: एका ठरावीक कुळातलं प्रत्येक समीकरण कागदावर काढलं, तर त्याची वक्ररेषा आडव्या रेषेला एकदाच छेदते. रत्नाने तो जवळजवळ सिद्ध केला होता. उरली होती फक्त थोडी हट्टी समीकरणं. त्यांना तिचा युक्तिवाद लागू पडत नव्हता. ती एकेक करून मशीनवर तपासायची होती. प्रत्येकाचं उत्तर 'एक' आलं की प्रबंध पुरा.

घाई अशी की वर्षअखेरीस सर रिटायर होणार होते. रत्नाची मुदत आधीच वाढवून घेतलेली होती. या वर्षी झालं नाही तर दुसरा गाइड तिला घेणार नव्हता. डिग्री नसली तर कॉलेजातली नोकरी कायम होणार नव्हती. हे तिने मला एकदाच सांगितलं होतं, डबा खाताना, मान खाली घालून.

आम्ही जेवायला जाताना मशीनवर समीकरण लावून जायचो. परत आलो की 'एक' लिहिलेलं असायचं. एकदा परत आलो, तर 'तीन'.

"तीन तिघाडा," मी म्हटलं. माझी आजी म्हणायची तसं.

"थट्टा नको हो अक्का. परत चालवू."

काय होतंय ते दिसावं म्हणून या वेळी प्रोग्रॅमला बोलत काम करायला लावलं. पडद्यावर ओळी सरकल्या. उत्तर आलं, 'एक'. रत्नाने सुस्कारा सोडला. कुठंतरी वीज खालीवर झाली असेल, असं मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी जेवून आलो. तीन. बसून पाहिलं. एक.

त्यानंतरचे दिवस मला अजून आठवतात. येलहंक्याच्या तळावरून हवाई दलाची विमानं डोक्यावरून जात आणि खिडकीच्या काचा थरथरत. रत्नाला वाटलं, विमानांमुळे होतं. विमानं नसताना पाहिलं, तरी तेच. एसी बंद करून पाहिला. शेजारच्या खोलीतल्या दुसऱ्या पीसीवर तेच समीकरण लावलं. तिथेही तेच. आम्ही खोलीबाहेर थांबून दाराच्या काचेतून आत पाहायचो. खोलीत कुणी नाही, मशीन आपलं काम करत असे, आणि आत गेलं की 'तीन' आमची वाट बघत असे. समोर बसून प्रत्येक पायरी बघितली की 'एक'. दर वेळी. कधी चुकून उलटं झालं असतं तर बरं वाटलं असतं. मशीन बिघडलं की ते कसंही वागतं. हे तर आम्हाला ओळखत असल्यासारखं वागत होतं.

दूध तापवताना होतं तसं. समोर उभं राहिलं की ते उतू जात नाही, पाठ फिरली की जातं. पण दुधाला आपण तसं गमतीने म्हणतो.

रत्ना आता खोलीत एकटी बसेना. मी आल्याशिवाय दार उघडायची नाही, चपला घालून व्हरांड्यात उभी असायची. मी तिला हसले नाही, कारण मलाही त्या खोलीत पाठीमागे कुणी उभं आहे असं वाटू लागलं होतं. म्हणूनच त्या दुपारी आम्ही भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिलो. भीती तपासून पाहायची, तर ती पद्धतशीर तपासावी, असं माझं मत.

तीन आल्यावर मी म्हटलं, "आता परत भिंतीकडे तोंड. पण या वेळी त्याला बोलत काम करू दे. आपण मात्र बघायचं नाही."

"त्यानं काय होणार?"

"होईल ते होईल. उभी राहा."

पुन्हा आम्ही पाठ केली. पुन्हा डिस्क कुरकुरली आणि थांबली. वळून पाहिलं. एक.

मला हायसं वाटलं. आमच्या डोळ्यांचा त्यात काही भाग नव्हता. मशीनला आमचं असणं-नसणं कळत नव्हतं. ते स्वतः बोलत काम करत असलं की एक, आणि गप्प राहून केलं की तीन. आम्ही बघायला बसलो की त्याला बोलायला लावायचो, एवढंच.

"म्हणजे भूत नाही," रत्ना म्हणाली. "पण अक्का, माणूस तरी असं करतो का? बोलताना एक आणि मनात तीन?"

"माणसं तर सर्रास करतात," मी म्हटलं. ती त्या दिवसांत पहिल्यांदा हसली.

आम्ही हेब्बार सरांकडे गेलो. सर स्वच्छ माणूस, पांढरा शर्ट, टेबलावर एक कागद वाकडा नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"लॉगमध्ये काय येतं?"

"एक, सर."

"पायऱ्या तपासल्या?"

"तपासल्या. सगळ्या बरोबर आहेत."

"मग अडचण काय? जे उत्तर पायऱ्या दाखवून येतं ते गणित. जे अंधारात येतं त्याला मी गणित म्हणत नाही. बोलतं ठेवा, लॉग छापा, प्रबंधाला जोडा."

"सर, पण ते गप्प असताना..." मी म्हणू लागले.

"मिसेस कुलकर्णी, आपल्यामागे आपला क्लार्क काय पुटपुटतो, ते मी प्रबंधात लिहीत नाही."

मी म्हटलं, पूर्णांकांच्या पद्धतीने अचूक तपासता येईल. त्या पद्धतीत दशांश कुठे तोडावेच लागत नाहीत. पण त्यात आकडे इतके मोठे होत जातात की आमच्या पीसीची मेमरी संपून तो मधेच बंद पडे. हे मी करून पाहिलं होतं. सर म्हणाले, "मग झालं तर," आणि समोरची फाइल उघडली. उठायची ती खूण होती.

बाहेर सिल्व्हर ओकच्या झाडांखाली आम्ही उभ्या राहिलो. सरांचं म्हणणं चूक आहे, असं मला छातीठोक सांगता येत नव्हतं. युरोपातल्या मोठ्या वर्कस्टेशनवर हेच समीकरण चालवून बघा, असं मी लिस्टवरच्या एकाला खासगीत कळवलं होतं. त्याचं उत्तर आलं होतं: गप्प असो वा बोलत, 'एक'च येतं. 'तीन' येतं ते फक्त आमच्याकडे, आणि तेही पुरावा न ठेवता.

"लिस्टवर विचारते," मी म्हटलं.

रत्नाचा प्रबंध तपासायला बाहेरून नेमलेले परीक्षक त्या लिस्टवर होते. दोघींनाही ते माहीत होतं. मेल गेली की तिच्या सिद्धतेवर संशयाचा डाग पडला, हे त्यांना सगळ्यांबरोबर दिसणार होतं.

"विचारलं नाही तर?"

"तर सर सही करतील आणि तू डॉक्टर होशील."

"आणि ते तीन?"

"ते कुणालाच माहीत नसेल. तू आणि मी सोडून."

एक विमान गेलं. ते जाईपर्यंत बोलता येत नव्हतं. नंतर ती म्हणाली, "पाठवा, अक्का. आत्ताच मला त्या खोलीत एकटीला बसवत नाही. डिग्री घेतल्यावर कुठल्या खोलीत बसू?"

मी मेल लिहिली. समीकरण दिलं, काय दिसतं ते सांगितलं. शेवटी लिहिलं: 'माझ्याकडे लॉग नाही. लॉग काढायला गेलं की हे नाहीसं होतं. तरी कळवत आहे.'

यानचं उत्तर संध्याकाळच्या मेलमध्ये आलं. 'लॉग नाही, बग नाही. यान.'

दोन दिवस लिस्टवर शांतता होती. तिसऱ्या सकाळी मी ऑफिसात आले, मोडेमने मेल आणून ठेवल्या होत्या. त्या वाचताना माझ्या अंगावर काटा आला. आत्ता लिहितानाही येतोय.

एकाने लिहिलं होतं, 'मी हे मागच्या वर्षी पाहिलं. मला वाटलं माझी झोप अपुरी आहे.' दूर दक्षिण अमेरिकेतल्या एका शिक्षिकेने लिहिलं होतं की तिच्या विभागात प्रोग्रॅमचा तो भाग कुणी एकट्याने चालवत नाही. का, ते कुणी बोलत नाही, पण जोडीनेच बसतात. तिसरा म्हणाला, त्याने मशीन बदलून घेतलं आणि नव्यातही तेच आल्यावर तो विषयच सोडून दिला. अशा आणखीही होत्या. एकमेकांना न ओळखणारी माणसं, वेगवेगळ्या समुद्रांच्या काठची. प्रत्येकाने ते पाहिलं होतं, प्रत्येकाने लॉग काढायला घेतला होता, लॉग स्वच्छ आला होता, आणि प्रत्येक जण गप्प बसला होता. नियमच तसा होता. जे लॉगमध्ये दिसत नाही, ते आमच्या त्या जगात घडतच नव्हतं.

रत्नाला दुपारी त्या वाचायला दिल्या. ती म्हणाली, "म्हणजे एवढे सगळे आपल्यासारखेच भिंतीकडे तोंड करून उभे होते."

सगळ्या मेल शेजारी-शेजारी ठेवल्यावर एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. भूत पाहणारे सगळे माझ्यासारखे पीसीवाले होते. वर्कस्टेशनवाला एकही नाही. ते मी लिस्टवर लिहिलं. या वेळी यानचं उत्तर पुढच्याच खेपेला आलं आणि ते त्याच्या मानाने कादंबरीएवढं होतं.

त्याने सांगितलं ते सोप्या शब्दांत असं. पीसीच्या चिपच्या पोटात आकडेमोडीसाठी काही खास जागा असतात. तिथे आकडा ठेवला की त्याचे दशांश जास्त लांबवर टिकतात. पण तो बाहेर मेमरीत ठेवायची वेळ आली, की शेपूट कापून ठेवला जातो. बोलत काम करताना दर पायरीला आकडा बाहेर काढावा लागतो, म्हणून दर पायरीला शेपूट कापलं जातं. गप्प असताना तो आतच राहतो, अख्खा. मोठी वर्कस्टेशन्स मुळातच कापून ठेवतात, बोलोत की न बोलोत.

मी हे रत्नाला समजावू लागले, तर तिने मला मधेच थांबवलं.

"अक्का, आमचे अप्पा माप घेताना तसंच करायचे. टेप धरला की मनात सूतभर जास्तीचं धरलेलं असायचं. पण लिहून घेणाऱ्याला ओरडून सांगताना 'साडेतेरा' म्हणायचे. सूत कोण सांगत बसतो? सगळा कपडा स्वतः शिवला, तर बरोब्बर बसायचा. मधे लिहून घेतलेल्या मापावर दुसऱ्यानं शिवला तर काखेत धरायचा."

"अगदी तसंच," मी म्हटलं.

आणि मग आम्ही एकमेकींकडे पाहिलं. बोलायच्या आधी दोघींना एकाच वेळी कळलं.

"मनातलं माप खरं असायचं," रत्ना हळू म्हणाली. "सांगितलेलं नाही."

इतके दिवस 'तीन' हे भूत आणि 'एक' हे खरं उत्तर, असं आम्ही धरून चाललो होतो, कारण एकच्या पायऱ्या दिसत होत्या. ती वक्ररेषा एका ठिकाणी खाली येऊन आडव्या रेषेच्या अगदी जवळून परत वर जात होती. ती नुसती जवळ येते की केसभर बुडून वर येते, एवढाच प्रश्न होता. बुडत असेल तर बुडताना एक छेद, वर येताना एक, आणि आधीचा एक. तीन. शेपूट कापलेल्या आकड्यांना तो केस दिसत नव्हता.

खात्री फक्त अचूक पद्धतीने होणार होती. मी लिस्टवर विनंती केली. यानने स्वतःच्या संस्थेतलं सगळ्यांत मोठं मशीन शनिवार-रविवार त्यासाठी लावलं. सोमवारी मेल आली. रत्ना कॉलेज बुडवून आली होती. आम्ही दोघी खोलीत बसलो, चपला बाहेर. मी मेल उघडली.

'तीन. अचूक. मी नियम बदलतो आहे. यान.'

रत्नाने मेल पुन्हा एकदा वाचली. तिची सिद्धता मेली होती. सरांचा अंदाजही, तरुणपणापासून जपलेला. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, तर ती म्हणाली, "सरी, ठीक आहे, अक्का. आता निदान खोली रिकामी झाली." खरंच, त्या दिवसापासून पाठीमागे कुणी उभं आहे असं आम्हाला कधी वाटलं नाही.

हेब्बार सर तिच्याशी काही आठवडे बोलले नाहीत. माझ्याशी फक्त कामापुरतं बोलायचे. तोडगा आला तो जिथून भीती होती तिथूनच. लिस्टवर सगळं वाचत असलेल्या त्या परीक्षकांनी सरांना आपणहून कळवलं की तुमच्या अंदाजाला अपवाद आहे असं दाखवणारा प्रबंध तपासायला मला जास्त आवडेल. सरांनी मुदतवाढीच्या आणि रिटायर झाल्यावरही तिचे गाइड राहण्याच्या अर्जावर सही केली ती त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी, हार गळ्यात असताना. सही करून अर्ज रत्नाकडे सरकवला आणि म्हणाले, "पुढच्या वेळी क्लार्क पुटपुटला, तर ऐकत जा. मलाही सांग."

पुढच्या वर्षी रत्ना डॉक्टर झाली. नोकरी कायम झाली. तिचे अप्पा पेढे घेऊन आमच्या जयनगरच्या घरी आले होते. शर्ट त्यांनी स्वतःच शिवलेला असणार, काखेत अजिबात धरत नव्हता.

यानने बदललेला नियम असा: लॉग असेल तर जोडा, नसेल तर तसं लिहा, पण कळवा. आणि रत्नाचं समीकरण प्रोग्रॅमच्या चाचण्यांमध्ये कायमचं घातलं गेलं. नव्या मशीनवर कुणी तो प्रोग्रॅम चढवला, की ते समीकरण त्याला दोनदा घातलं जातं, एकदा बोलत आणि एकदा गप्प. दोन्ही वेळा 'तीन' आलं तरच तो पुढे जातो.

तेव्हा इरा आणि चिन्मय, आजीने भूत पाहिलं का? नाही. जे पाहिलं ते बरोबर उत्तर होतं. तुमच्या कामात कधी असं काही दिसलं की जे दाखवायला गेलं तर नाहीसं होतं, तर आधी आपल्या मशीनची चिप कुठली ते बघा, आणि मग चार जणांना विचारा. बहुधा तेही भिंतीकडे तोंड करून उभे असतील.